डोमाजीच्या फोटोला मिळालेली मतं

"तेरवी कधीची ठेवली जी?"

सकाळी साडेदहाला हा पहिला फोन. मी स्टुडिओत एका मुलीचा पासपोर्ट फोटो काढत होतो. वाटलं, बॅनरची ऑर्डर असेल.

"कोणाची तेरवी?"

"काहून, आंबागडच्या डोमाजीची! तुमीच तर पाठवलं ना ग्रुपवर."

"अहो भाऊ, त्यांना मत द्यायचं आहे. ते मेले नाहीत."

"असं काय? मी तं हात जोडून टाकले," आणि फोन बंद.

दहा मिनिटांत तसेच आणखी तीन फोन. मी व्हॉट्सॲप उघडलं. ज्या ज्या ग्रुपवर मी आदल्या दिवशी कार्ड टाकलं होतं, तिथे खाली जोडलेल्या हातांची रांग. "फार चांगला माणूस होता." "देव आत्म्याले शांती देवो."

झालं होतं असं. तुमसरला माझा स्टुडिओ आहे, एकवीस वर्षं झाली. लग्न, बारसं, पासपोर्ट आणि बॅनर. बॅनरमध्ये वाढदिवस आणि तेरवी, ही दोनच कामं जोरात चालतात. स्वतःसाठी म्हणून फोटो काढायला वेळ मिळतो कुठे? पण गेल्या हंगामात आंबागडला किल्ल्याच्या खाली एका खळ्यावर डोमाजी धान उपणत होते. सत्तरीच्या पुढचा माणूस, हातात सूप. वारा अचानक फिरला, सगळं तूस तोंडावर आलं आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले. मागे गोठ्याची काळी सावली, चेहऱ्यावर तिरपं ऊन. त्याच क्षणी मी बटन दाबलं. असा फोटो एकवीस वर्षांत मला दोन-तीनदाच मिळाला असेल, हे खोटी नम्रता न दाखवता सांगतो.

तो मी एका मोठ्या शहरातल्या संस्थेच्या स्पर्धेला पाठवला. परीक्षकांनी दहा फोटो निवडले, त्यात माझा आला. पहिला नंबर मात्र लोकांच्या मतांवर. लिंक उघडायची, मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, एका नंबरचं एक मत. डोमाजींना विचारलं तर ते हसले. "मले कायले मत देतीन लोकं? मी काय सरपंचाले उभा हावो?" पण हो म्हणाले.

मतं मागायची म्हणजे प्रचार आला. बाकीचे लोक रील बनवत होते. मी दोन ऑर्डरींच्या मध्ये घाईघाईत एक कार्ड बनवलं. आणि इथेच माती खाल्ली. आम्ही प्रत्येक कार्ड नव्यानं करत नाही. टेम्प्लेट असतं, म्हणजे तयार साचा. फोटो आणि नाव बदललं की काम झालं. त्या दिवशी कॉम्प्युटरवर तेरवीचं टेम्प्लेट उघडं होतं. त्यातला हार काढला, समया काढल्या, श्रद्धांजलीची ओळ काढली, वर मताची विनंती आणि लिंक टाकली. मला वाटलं, झालं सगळं साफ. पण काळी पार्श्वभूमी तशीच राहिली, सोनेरी चौकट तशीच राहिली. फोटोखाली डोमाजींचं नाव, नावाखाली मतदानाच्या शेवटच्या दिवसाची तारीख, त्याखाली माझा मोबाईल नंबर. आमच्या भागातल्या लोकांनी कित्येक वर्षं ह्याच चौकटीत मेलेली माणसं पाहिलेली. वाचतो कोण? चौकट दिसली की हात जोडून मोकळे. त्यात डोमाजींचे डोळे मिटलेले.

मी स्पर्धेच्या मॅडमना फोन लावला. "मॅडम, माझा फोटो मागे घ्या."

"सर, voting सुरू झाल्यावर withdraw होत नाही. आणि तुम्ही सहाव्यावरून डायरेक्ट पहिल्यावर आलात! लोक फार emotional झालेत. राहू द्या ना."

"अहो, लोकांना वाटतंय माणूस गेला, श्रद्धांजली म्हणून मतं देतायत. तो जिवंत आहे!"

"मग तर छानच आहे ना सर."

सगळ्या ग्रुपवर दुरुस्तीचा मेसेज टाकला. पहिला मेसेज जिथे जिथे पोचला, तिथे दुसरा पोचत नाही, हे मला माहीत होतं. शटर खाली ओढलं आणि गाडी काढून आंबागड गाठलं.

माझ्या आधी डोमाजींची मुलगी ललिता पोचली होती. चिखल्याला दिलेली, नवरा तिथे खाणीत कामाला. बाप बाजेवर बसलेला, आणि ही खाली बसून त्यांचे पाय धरून रडत होती. जिवंत दिसला तरी रडणं थांबेना.

"काय करून बसले भाऊ तुमी! इथवर येईतो माहा जीव गेला ना!"

मी हात जोडले, सगळं सांगितलं. शरमेनं मान वर होत नव्हती. डोमाजी मात्र खुशीत.

"जाऊ द्या भाऊ. दिवाळीपासून पोरीनं तोंड नव्हतं दावलं. मरून पाहा लागते मंग." मग तिला म्हणाले, "तुह्या भावाले फोन लाव. विलास निघाला असंल पुण्याहून. सांग त्याले, म्हणा मी बरा हावो, घाई नको करू. आलाच तं चार दिवस राहील."

"लावून राहिली बाबा. उचलतच नाही."

"गाडीत असंल."

तेवढ्यात माझाच फोन वाजला. अनोळखी नंबर. "विलास बोलतो, डोमाजीचा मुलगा."

मी डोमाजींकडे पाहून मान हलवली. त्यांचा चेहरा असा खुलला, काय सांगू. "टाक स्पीकरवर! माहा आवाज ऐकून चाट पडंल तो."

मलाही तेच हवं होतं. माझ्या चुकीचा शेवट गोड होईल, पोरगा रडेल, बाप हसेल, मी सुटेन. मी स्पीकर लावला.

"भाऊ, कार्ड तुमीच बनवलं ना? घरच्या कोणाले केला तं रडत बसतीन, म्हणून तुमाले फोन केला. मले काही येता येत नाही इकडून. सुट्टी नाही भेटून राहिली. माह्यासाठी थांबू नका म्हणा, उरकून घ्या. तेरवीले पाहतो जमलं तं. आन् त्या फोटोची एक फ्रेम करून देजा घरी."

मी बंद करायला बोट नेलं, तर डोमाजींनी माझं मनगट धरलं. फोनवर वाकले आणि अगदी सावकाश म्हणाले, "बरं बा. नको येऊ."

पलीकडून एकदाच आवाज आला, "बाबा?" मग फोन कटला. मी कापला नव्हता.

ललिता भावाला शिव्या घालायला लागली. "गप्प राय," डोमाजी म्हणाले. "नोकरी हाय त्याची." मग मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. विलासनं पुन्हा फोन केला का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या आठवड्यात तो आला नाही, हे गावातून कळलं.

फोटो पहिला आला. दुसऱ्या नंबरचा फार मागे होता. कार्यक्रमाला डोमाजी आले नाहीत. "तिथं माहं काय काम?" म्हणाले. मी एकटाच गेलो, टाळ्या घेतल्या आणि ट्रॉफी सरळ आंबागडला घेऊन आलो. त्यांनी ती हातात धरून उलटीसुलटी करून पाहिली.

"लय लोकायनं देलं मत?"

"खूप लोकांनी, बाबाजी."

"त्यात विलासचं हाय काय?"

"कोणी दिलं ते आम्हाला कळत नाही. गुप्त असतं."

"मंग देलं असंल त्यानं," ते म्हणाले आणि ट्रॉफी माझ्या हातात परत दिली.

ते टेम्प्लेट मी डिलीट केलं. फोटो अजून पाठवतो, पण जिथे फक्त परीक्षक असतात तिथेच. परीक्षकही चुकतात, पण निदान फोटो तरी पाहतात. आणि दुसऱ्याच्या घरचा फोन आता मी कधी स्पीकरवर घेत नाही, घरचा माणूस स्वतः म्हणाला तरी.