काम फत्तेचं बटण

तेरच्या स्टँडसमोर वैजनाथचं ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. दारात झेरॉक्सचं मशीन, आत एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि त्यांच्यामागं बेचाळीस वर्षांचा, जाड भिंगाच्या चष्म्याचा वैजनाथ. कॉलेज अर्धवट सोडून त्यानं आधी टेलिफोनचा बूथ चालवला, मग टायपिंग केलं, मग हे. कुणाकडं शिकायला गेला नाही, सगळं स्वतःच खटपट करून शिकला. आता खरं सांगायचं तर या माणसाला अक्कल कमी नव्हती, जरा जास्तच होती. आणि ती त्यानं लावली कुठं? इनबॉक्सला!

त्याचं असं झालं, की फॉर्म भरायला येणाऱ्या निम्म्या लोकांकडं ईमेलच नसायचा. कुणी काढून द्यायला सांगितलंच, तर पंधरा दिवसांनी पासवर्ड विसरून परत दारात हजर. वैजनाथ वैतागला. "राहू द्या, आपलाच टाकू," म्हणू लागला. झालं! पीकविमा, शिष्यवृत्ती, भरती, प्रवेश, तेरपासून येडशीपर्यंतच्या माणसांच्या फॉर्मवर एकच पत्ता, दुकानाचा. लोकांनाही सोय वाटली. काही आलं का, हे विचारायला स्टँडवर उतरलं की पुरे.

पण मेल काय थोडे यायचे? जाहिराती, आठवण करून देणारे मेल, त्याच त्या सूचना. न वाचलेल्या मेलांचा आकडा बारा हजारांवर गेला, आणि तो आकडा वैजनाथच्या डोळ्यात रोज खुपायचा. अशात एका व्हिडिओत त्याला दिसलं, की ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडता येतं आणि त्यात छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे लिहून दिलेले हुकूम, टाकल्या की आपला इनबॉक्स आपल्याला हवा तसा दिसतो. मूळ मेलांना धक्का नाही, फक्त आपल्या पडद्यावरचं दिसणं बदलतं. मग काय विचारता! गडी महिनाभर त्यातच. आधी अक्षरं मोठी केली. मग तेरची माणसं हिरवी, येडशीची पिवळी, बाकीच्या गावांची निळी. मग जाहिराती गायब. मग तो बारा हजारांचा आकडाच झाकून टाकला. बायको दीपाली म्हणाली, "अवो, घरच्या भिंतीला रंग द्या म्हनलं तर तुमाला सवड न्हाय, आन हितं रंगरंगोटी चाललीय व्हय?" वैजनाथ नुसता हसला. त्याला खरंच लई आनंद झाला होता.

शेवटी त्यानं एक बटण केलं. नाव दिलं 'काम फत्ते'. तिथं माणसाचं नाव टाकून बटण दाबलं, की त्या नावाचे सगळे मेल, जुने आणि पुढं येणारे, पडद्यावरून नाहीसे. दुकानाची रीतच होती, की ज्याचं काम झालं तो पेढे घेऊन यायचा. पेढा तोंडात टाकायचा, बटण दाबायचं, माणूस मोकळा, वैजनाथही मोकळा.

अक्षदाचं काम मात्र अजून व्हायचं होतं. बिरू नावाच्या मेंढपाळाची ही लेक, नदीपलीकडच्या वस्तीवरची, बारावीला पंच्याऐंशी टक्के. सोलापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजला तिनं वैजनाथकडूनच फॉर्म भरला होता. बापानं दुकानात उभं राहूनच सांगितलं होतं, "वैजूभाऊ, नंबर लागला तर म्या काय बी करून शिकवतो. न्हाय लागला तर दिवाळीनंतर पाव्हनं बघायचं. घरात तसं ठरलंय." पोरगी तेव्हा खाली मान घालून कागदं लावत होती. कॉलेजचं सगळं मेलवर येणार होतं, कागदपत्रं दाखवायची तारीखसुद्धा.

फॉर्म भरून आठ दिवस झाले असतील. सोमवारी सकाळी दुकानात ही गर्दी, विम्याची मुदत संपत आलेली, आणि त्यात अक्षदाची आजी धुरपताबाई पुडी घेऊन आत शिरली.

"घे लेकरा, पेढं. अक्षदाच्या नावाचं हायती."

"अरे वा, आजी! भले!" वैजनाथनं पेढा तोंडात टाकला, दुसऱ्या हातानं नाव लिहिलं, बटण दाबलं आणि पुढच्या माणसाचा सातबारा हातात घेतला. म्हातारी काहीतरी सांगत होती. आदल्या दिवशी ती सोनारीला जाऊन भैरवनाथाला साकडं घालून आली होती, नातीचा नंबर लागू दे म्हणून, आणि हा तिथला प्रसाद होता. ते ऐकायला वैजनाथचे कान जागेवर होते कुठं? म्हातारी बोलून बोलून निघून गेली.

त्यानंतर अक्षदा येत राहिली. एक दिवसाआड, तेरा-चौदा किलोमीटरवरच्या कॉलेजात जाणाऱ्या मैत्रिणींच्या गाडीला हात करून झाला की दुकानात. "काका, आला का मेल?" वैजनाथ इनबॉक्स उघडायचा. हिरव्या ओळी, पिवळ्या ओळी, अक्षदा नाही. शोधायच्या रकान्यात तिचं नाव टाकायचा. कोरं. शोधलं तरी त्याचीच स्क्रिप्ट ती ओळ झाकत होती, आणि त्या दिवशी दाबलेलं बटण तो साफ विसरला होता. दिवसाला साठ माणसं, कुणाकुणाचं ध्यानात ठेवायचं!

एकदा पोरगी चाचरत म्हणाली, "काका, एकदा मोबाईलवर बघता का?"

आणि इथं वैजनाथचं डोकं फिरलं. "का गं? माझ्या इनबॉक्सवर भरवसा न्हाय व्हय? पंधरा वरसं हेच करतोय म्या!"

"तसं नव्हं, काका," म्हणत ती उठली. जाताना चप्पल घालायलाही तिला वेळ लागला, इतकी ती वरमली होती.

वीस तारखेला दुपारी लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरीही संपली. येडशीच्या आरोहीला तिचं प्रवेशपत्र तातडीनं हवं होतं, म्हणून वैजनाथनं आपल्या मोबाईलवर तोच इनबॉक्स उघडला. मोबाईलवर ना रंग, ना बटणं, ना स्क्रिप्ट. होता तसा उघडा इनबॉक्स. तो बोटानं खाली सरकवत गेला, आणि एका ओळीवर त्याचं बोट थांबलं. अक्षदा बिरू यांना. कागदपत्रांची तपासणी. मेल नऊ तारखेचा. हजर राहायचं अठराला.

आरोहीला काय दिलं, तिनं काय विचारलं, त्याला कळलं नाही. ती गेल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं आणि खुर्चीत बसला. मग त्याला पुडी आठवली, म्हातारी आठवली, बटण आठवलं. अरे देवा! अकरा दिवस तो मेल तिथंच होता, आणि पोरगी समोर बसली असताना त्यानंच तो झाकून ठेवला होता.

आता खोटं कशाला बोला, त्याच्या मनात पाप आलं. मेल कायमचा पुसला, तर कुणाला कळणार होतं? आलाच नाही म्हटलं की विषय संपला. बोट पुसायच्या खुणेवर बराच वेळ होतं. मग त्यानं स्वतःलाच एक कचकचीत शिवी हासडली, मोबाईल खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली.

वस्तीवर बिरू कोकराला पाला टाकत होता. वैजनाथनं गाडीवरून उतरता उतरता सगळं सांगून टाकलं, बटणासकट, पेढ्यासकट. धुरपताबाई कपाळाला हात लावून खाली बसली. "आगं माय, म्याच पेढं दिलं की गं!" म्हणून ती रडायला लागली. ते वैजनाथला सगळ्यात जास्त लागलं. "आजी, तुमचं काय बी न्हाय, माझंच चुकलंय," तो दोनदा म्हणाला. अक्षदानं मोबाईल मागितला, मेल उभ्यानं वाचला आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी बिरू, अक्षदा आणि वैजनाथ, तिघं सोलापूरला गेले. वैजनाथनं चूक आपली असल्याचं लिहून दिलं, खाली सही केली. तिथल्या बाईंनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं. पण मेल नऊ तारखेला पोचला होता, अठराला कुणी आलं नाही, आणि एकोणीसला प्रतीक्षा यादीतल्या मुलीनं फी भरली होती. "पुढच्या वर्षी या," बाई म्हणाल्या. येताना एसटीत बिरू खिडकीतून बाहेर बघत होता. येडशी मागं पडल्यावर तो एवढंच म्हणाला, "पाव्हन्यांना काय सांगू आता?"

त्यानं त्याच संध्याकाळी एक्स्टेंशन काढून टाकलं. रंग गेले, बटणं गेली, बारा हजारांचा आकडा परत आला. दीपालीनं चहा आणून ठेवला.

दहा-बारा दिवसांनी अक्षदा दुकानात आली, एकटीच. वैजनाथ झटकन उठून उभा राहिला.

"लातूरच्या एका कॉलेजची तारीख वाढलीय," ती म्हणाली. "आण्णा पाव्हनं बघायचं दिवाळीपर्यंत थांबवतो म्हणालेत. फॉर्म भरायचाय."

"बस, बस. आत्ता भरू. पैसं नकोत." त्यानं लॅपटॉप ओढला, नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. ईमेलच्या रकान्यापाशी आल्यावर पंधरा वर्षांच्या सवयीनं बोटं दुकानाचा पत्ता लिहायला लागली.

"तो नको," अक्षदा म्हणाली. "आधी माझा काढा."

त्यानं लिहिलेलं पुसलं. तिच्या नावाचा नवा पत्ता काढायला घेतला. पासवर्डचा रकाना आला तशी तिनं लॅपटॉप स्वतःकडं वळवून घेतला, बटणांवर हात ठेवले आणि थांबली.

"काका," ती शांतपणे म्हणाली, "तिकडं तोंड करा."

वैजनाथनं खुर्ची भिंतीकडं फिरवली. मागं एकेक बटण दाबल्याचा आवाज येत होता. ती सावकाश लिहीत होती, आणि तिचं होईपर्यंत तो भिंतीकडं बघत बसला.