वकीलबाईंची राहिलेली लस

माझी वहिनी नर्स आहे, आणि तिच्या तोंडाला लागायची माझी आजवर हिंमत झालेली नाही. मी ज्या शाळेत चित्रकला शिकवते तिथे ती दर काही महिन्यांनी दवाखान्यातून येते, खांद्याला लशींचा थंड डबा अडकवून. ज्यांच्या लशी घ्यायच्या राहून गेल्यात अशा मुलांना गाठायचं आणि टोचायचं, हे तिचं काम. ती फाटकात दिसली की निम्म्या शाळेच्या पोटात दुखायला लागतं. एखादा शूर वीर संडासात कडी लावून बसतो. वहिनी दाराशी उभी राहून अशा काही गप्पा सुरू करते की तो आपणहून बाहेर येतो आणि बाही वर करतो. आयांना ती गोड बोलून वळवते, बापांना टोमणे मारून. माझ्या भावाचं तर विचारूच नका. लग्न झाल्यापासून त्याने एकही वाद जिंकलेला नाही.

असल्या जिभेची गाठ चौथीतल्या एका मुलीशी पडली. तिला सगळी शाळा वकीलबाई म्हणते. मी आकाश रंगवायला सांगितलं तर 'किती वाजताचं?' असं विचारणारी. तिची गोवरची लस राहिली होती आणि जवळच्या वस्तीत गोवर आला होता, त्यामुळे वहिनी घाईत होती.

"मी कधी आजारीच पडत नाही," वकीलबाई म्हणाली. "मग सुई कशाला?"

वहिनीने नीट समजावलं. त्यावर दुसरा प्रश्न आला, मग तिसरा. मागे रांग खोळंबली, लहान मुलं रडायला लागली, आणि वहिनीचा पारा चढला.

"बरं बाई, तू नाही पडणार आजारी. पण अंगावरून रोग घरी नेशील आणि तुझ्या धाकट्या भावाला देशील. चालेल?"

वकीलबाईने नाही म्हणून मान हलवली. संमतीपत्रावर तिच्या बापाची सही आलेली नव्हती, म्हणून त्या दिवशी टोचता आलं नाही. पण पुढच्या खेपेला ती नक्की येणार, याची वहिनीला खात्री होती.

"ही युक्ती हमखास लागू पडते," चहा पिताना ती मला म्हणाली. "भावंडाचं नाव काढलं की भलेभले नरमतात."

पुढच्या खेपेला सही आली, आणि सहीबरोबर मुलीची आईही आली. ती एका धुलाईच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला जाते. कडेवर बाळ होतं, बोटांची कातडी पाण्याने सुरकुतली होती. वहिनी शेजारच्या टेबलावर कापसाचे बोळे करत बसली होती. आई माझ्याशी बोलत होती.

"बाई, हिला शाळेत कुणी काही बोललं का हो? भावाला हातच लावत नाही. मी कामावर गेले की हीच त्याला सांभाळायची. आता मला शेजारणीची मनधरणी करावी लागते. झोपतेसुद्धा एकटी, स्वयंपाकघरात. तो रांगत जवळ गेला की ही पळते, आणि तो मागे राहून रडतो. मला वाटलं, पोर जळते भावावर. परवा हात उचलला मी तिच्यावर. तरी काही सांगेना."

वहिनीच्या हातातला कापूस तसाच राहिला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"तिला बोलाव," एवढंच ती म्हणाली.

वकीलबाई आली. एकही प्रश्न न विचारता तिने बाही वर केली आणि टोचून घेतलं. मग दंड चोळत म्हणाली, "आता त्याला घेऊ का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोर खूष, आई खूष, कुणाला काही कळलं नसतं. मी वहिनीला डोळ्यांनी खुणावलंसुद्धा, 'हो' म्हण आणि सुटून जा. पण वहिनी खुर्चीवरून उठली आणि तिच्यासमोर फरशीवर बसली.

"तेव्हाही घेता आलं असतं," ती म्हणाली. "ज्याला गोवर होतो त्याच्याकडून तो पसरतो. तू तर धडधाकट होतीस. मला रांग संपवायची होती आणि तू ऐकत नव्हतीस, म्हणून मी तुला घाबरवलं. चूक माझी." मग आईकडे बघून म्हणाली, "तिला मार बसला तोही माझ्यामुळे."

आई मुलीला म्हणाली, "मला सांगायचंस ना गं."

"तू पण घाबरली असतीस."

आईने बाळ मुलीच्या कडेवर दिलं. त्याने दोन्ही मुठींनी तिची वेणी धरली आणि ओढली. सुईला न रडलेली पोरगी तेव्हा रडली. नाक बाहीला पुसून झाल्यावर मात्र तिच्यातली वकील जागी झाली.

"हे तुम्ही अजून कुणाकुणाला सांगितलंय?"

ती युक्ती वहिनीने वर्षभर, शाळाशाळांतून वापरली होती.

"बऱ्याच जणांना," ती म्हणाली.

"त्यांनाही भाऊबहिणी असतील."

"असतील."

"मग?"

त्या संध्याकाळी वहिनी ताटावरून तशीच उठली. भावाने कारण विचारलं तर म्हणाली, "लाज वाटते रे मला." तिच्या तोंडून हा शब्द आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकला.

आता ती सकाळी कामाआधी एकेका शाळेत जाते, डबा न घेता. मुलं तिला बघून पळतातच. पूर्वी तिने त्यांना गप्पांत गुंगवून परत आणलं असतं. आता कुणी लांबूनच विचारतं, "खरंच टोचणार नाही?" तर ती "नाही" म्हणते आणि कुणी जवळ येईपर्यंत थांबते. मग सांगते, आपण काय बोललो होतो आणि ते कसं चुकीचं होतं.

काही मुलं एव्हाना शाळा बदलून गेली आहेत. त्यांचा विषय मी घरात काढत नाही.