कमलनं एकही गोळी सोडली नाही

कमल गेल्याचं मला तिच्या जावयानं फोनवर सांगितलं. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नंदुरबारला मुलाकडे होतो. आमच्या घरांची भिंत एकच, मधे वीट आणि चुना एवढंच अंतर, पण ती गेली तेव्हा मी गावात नव्हतो. पट्टी काढून चार दिवसही झाले नव्हते, तरी एसटीनं गावी आलो. तापीकाठच्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बचत गटाच्या बायका, घोड्यांचे व्यापारी, पार सारंगखेड्याहून आलेली माणसं... एका विधवेसाठी इतकी गर्दी. खरं लिहायचं ठरवलं आहे तर हेही लिहितो, की ती गर्दी बघून माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. माझ्या वेळी इतके लोक येतील का, हा हिशेब मनात आला.

उत्तरकार्याच्या दिवशी पंगत उठल्यावर कमलच्या ओट्यावर शेजारची म्हातारी पान लावता लावता म्हणाली, "गोया टाइमवर लेती तं आज बठेल ऱ्हाती. पोरना बी इचार कया नही तिनी." दोघीचौघींनी माना डोलावल्या. कमलची मुलगी ज्योती तिथंच भांडी गोळा करत होती. तिनं हातातली पातेली जोरात आदळली. आई आपल्यासाठीसुद्धा गोळ्या घेऊ शकली नाही, हा राग ती लहानपणापासून मनात धरून आहे. तो राग खोटा आहे. त्या ओट्यावर बसलेल्या माणसांत ते फक्त मला माहीत होतं, आणि मी सुपारी चघळत बसलो.

कमल माझ्या धाकट्या भावाची, जगनची बायको. तिला एचआयव्ही होता हे गावाला ठाऊक होतं. बचत गटाच्या बैठकीत तिनं स्वतःच उभं राहून ते सांगितलं होतं. त्यामुळे मी काही गुपित फोडतो आहे असं नाही. पण तिची गोष्ट जगनपासून सुरू होते आणि जगनची गोष्ट माझ्या मत्सरापासून, म्हणून तिथून सांगायला हवं.

मी शिकलो, पाटबंधारे खात्यात कारकून झालो, दर महिन्याला पगार आणून आईच्या हातात दिला. जगन सातवीनंतर शाळेत गेला नाही. वडिलांनी घोडी त्याला दिली. शेतात राबला की घोडी घेऊन जत्रा, लग्नं, वराती करत फिरायचा. घोड्याला ढोलावर नाचायला शिकवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. मी घरी आलो की आई बाहेर बघून विचारायची, "जगन उना का?" मी समोर उभा असायचो. जगन आला की म्हातारी काठी न घेता उठायची. त्याच्या फेट्यावरून, मिशीवरून, त्याच्या खोट्या-खऱ्या गोष्टींवरून घरात हसू फिरायचं आणि मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ते ऐकायचो. त्याचं लग्न कमलशी झालं तेव्हा तर माझ्या बायकोनंही कौतुकानं म्हटलं, "जोडा शोभस." त्या रात्री मी जेवलो नाही, पोटाचं कारण सांगितलं.

ज्योती चालायला लागली त्या सुमारास जगन खंगू लागला. ताप, जुलाब, तोंडात पांढरे चट्टे. सरकारी दवाखान्यात मीच घेऊन गेलो, कारण कागदपत्रं मला कळत. रोगाचं निदान झालं. कमलचीही तपासणी झाली. तिला लागण झालेली नव्हती. जगन बाहेर बाकावर ग्लानीत पडला होता, तेव्हा समुपदेशक बाईंनी मला आत बसवलं. घरातला जबाबदार माणूस म्हणून मला सगळं समजावलं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या. एक दिवसही खाडा नको. मधे सोडल्या तर विषाणू मरत नाही, उलट त्या औषधाला निर्ढावतो, मग तीच गोळी पाण्यासारखी होते. आणि असा निर्ढावलेला विषाणू बायकोला गेला तर तिलाही पहिल्या दिवसापासून ती गोळी लागू पडणार नाही. "घरी सगळ्यांना नीट सांगा काका," त्या म्हणाल्या. मी मान हलवली.

गोळ्यांनी जगन उठला. वर्षाच्या आत अंग भरलं, फेटा पुन्हा चढला. आणि मग एके दिवशी गोठ्यात घोडीला दाणे घालताना तो मला म्हणाला, "दादा, मी मधी मधी गोया बंद करस. घोडाले आपन मसाला सलग देतस का कधी? आंगले सवय पडी जास, मंग लागू पडत नही. थोडा खाडा दिधा का दवाई जोरमा काम करस."

आमच्याकडे घोडेवाले असंच करतात. मसाला, म्हणजे ताकदीची औषधी पूड, काही दिवस द्यायची, मग तोडायची, पुन्हा द्यायची. जनावर त्यानं तरतरीत राहतं असा त्यांचा अनुभव आहे. जगननं घोड्यांकडून शिकलेलं ज्ञान स्वतःच्या अंगाला लावलं, एवढंच. त्याचा त्यात दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला सांगितलं होतं तो समोर उभा होता.

मी तोंड उघडलं होतं... "अरे, पण दवाखान्यात..." एवढे शब्द बाहेर पडलेही होते. तर तो हसून म्हणाला, "दादा, तू कारकून शे. आंगनं तुले काय समजस?" मागं उभा असलेला सालदारही हसला. तेव्हा मला वाटलं, आयुष्यात एक गोष्ट अशी आहे जी मला माहीत आहे आणि जगनला नाही. ती मी जवळ ठेवली. म्हणालो, "बरं, तुले जास्त समजस." त्याचा जीव जावा असं मनात नव्हतं. एकदा त्याला पडताना बघावं, मग येईल माझ्याकडे विचारायला, एवढंच होतं. पुढं दर वेळी वाटायचं, आता सांगावं. पण आधी का सांगितलं नाहीस, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. दिवस गेले तसं उत्तर आणखी अवघड होत गेलं.

कमलला मी सांगू शकलो असतो का? आमच्याकडे जेठ आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. ती पदर पुढं ओढून पाठ करायची, आणि काही सांगायचं झालं तर लेकराला मधे घालायची. मी या रिवाजाचा आडोसा घेतला. बायकोकरवी सांगता आलं असतं, तिच्यासारखंच लेकराला मधे घालून सांगता आलं असतं.

जगन पुन्हा पडला तो उठला नाही. त्या वेळी गोळ्या नेमानं घेतल्या, पण त्या लागू पडेनात. नवी औषधं मिळेपर्यंत तो टिकला नाही. आई त्याच्यामागोमाग गेली. शेवटपर्यंत तिनं उंबऱ्याकडं बघत "जगन" हेच नाव घेतलं, आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

नंतर कमलची पुन्हा तपासणी झाली. या खेपेला रोग निघाला. गोळ्या सुरू झाल्या. बाकीच्या बायका चारसहा महिन्यांत सुधारत होत्या, कमल वाळत चालली. रक्तातला विषाणू कमी होईना. दवाखान्यात मला विचारलं, "काका, बाई घरी गोळ्या नीट घेतात ना?" मी म्हणालो, "आम्ही काय रोज बघतो?"

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती घेते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग लागू का पडत नाहीत. तिथून वाट जगनच्या खाड्यांकडे आणि तिथून माझ्याकडे येत होती. माझ्या त्या उत्तरावर कमल गोळ्या चुकवते असं धरलं गेलं. औषध बदलायच्या ऐवजी काही महिने तिला वेळेवर गोळ्या घ्यायचं समजावण्यात गेले. तेवढ्यात क्षयानं तिचं एक फुफ्फुस खाल्लं. एका दुपारी तिनं दाराआडून ज्योतीला म्हटलेलं मला ऐकू आलं, "तुन्हा आबासले सांग, मी एक बी गोई सोडेल नही." पोर माझ्यासमोर येऊन तेच शब्द म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि दुसरीकडं बघितलं. ज्योतीनं माझं तोंड पाहिलं, आणि त्यातून तिनं तिचा अर्थ काढला. आई खोटं बोलते.

पुढं औषध बदललं. कमल एका फुफ्फुसावर बरीच वर्षं जगली, लेकीचं लग्न केलं, घोड्यांचे गोंडे आणि मोत्यांच्या माळा ओवून जत्रेत विकल्या. लोक तिच्या हातच्या साजासाठी थांबून राहायचे. मला त्याचाही हेवा वाटला.

यंदा हिवाळ्यात तिला दवाखान्यात भरती केलं तेव्हा मी भेटायला गेलो. नाकाला नळी होती. पदर ओढायला हात उचलत नव्हता. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "डाक्टरनी माले कधीनंच सांगेल शे. हाऊ रोग मन्हाकडे उना तवयच गोयासले निब्बर व्हता. त्यासनी खाडा करात म्हनीसन..." दम घेऊन पुढं म्हणाली, "ज्योतीले सांगू नका आबा. बाप तिले देव शे. मी बदनाम ऱ्हायनू तं चाली."

लेकीच्या मनात बाप मोठा राहावा म्हणून ती स्वतः बेफिकीर आई ठरून घेत होती. मी खाटेच्या कडेला बसलो होतो. खरं बोलायला याहून योग्य वेळ नव्हती. पण माझ्या मनात काय आलं? मरून इतकी वर्षं झाली तरी जगनची अशी राखण करणारं माणूस आहे... माझी कोण करील? त्या विचारात मी गप्प बसलो. नर्स आली, भेटीची वेळ संपली. नंतर मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो.

उत्तरकार्यानंतर ज्योती आईची पेटी आवरायला थांबली होती. मी गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. मग विचारलं, "म्हंजे बापले माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मायले?"

"तिले बी नही. तिले मागून समजनं."

"आनि तुमले?"

"माले व्हतं."

तिनं घडी पेटीत ठेवली, वरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं नाही. "माले एकलीले सांगीसन काय व्हई, आबा? मायनं नाव घरमा खराब नही व्हयनं. गावमा व्हयनं. गावले सांगा." दुसऱ्या दिवशी कुलूप लावून ती सासरी गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही.

म्हणून हे लिहिलं. जगननं अज्ञानानं खाडा केला. कमलनं कधीच केला नाही. ज्ञान माझ्याकडे होतं.

याचा पुरावा मागाल तर तो माझ्या डोळ्यांत आहे. गावात कुजबुज सुरू झाल्यावर कमल घरात गोळी घेईनाशी झाली. दिवेलागणीला बाहेर ओट्यावर येऊन बसायची. जेठ म्हणून माझ्या दाराकडं पाठ. पण गोळी तोंडात टाकताना हात डोक्याच्या वर न्यायची, दोन बोटांत गोळी धरून क्षणभर थांबायची, मग तांब्यातलं पाणी वरून ओतायची. पाठमोऱ्या बाईला याहून जास्त काय सांगता येणार? ते मला बघवायचं नाही, म्हणून त्या वेळेला मी दार ओढून घ्यायचो. आता दिवे लागले की दार सताड उघडतो आणि समोर खुर्ची टाकून बसतो. ओटा रिकामा असतो. मी बघत राहतो.