दिवा लागल्यावरचा फोटो

मुरुम गावात आमचं बेने इस्राएलांचं घर एकच. बेने इस्राएल म्हणजे कोण, असं इथं मला इतक्या जणांनी विचारलंय, की आता उत्तर पाठच झालंय. आम्ही यहुदी, ज्यू म्हणतात ते. पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले, घरात मराठीच बोलणारे, शनिवारी कामाला हात न लावणारे. मालक इथल्या शाळेत गणित शिकवायला आले आणि त्यांच्यामागं मी आले. बदली होईल, होईल म्हणत अंगणात लिंबं लावली. लिंबं धरली, बदली काही झाली नाही. आता मालक नाहीत, मुलगा परदेशात, आणि मी इथंच. तिकडं जाऊन बोलू कुणाशी? इथं निदान भांडायला तरी माणसं आहेत.

शेजारी भाभी राहते. शिवणकाम करते, मला आक्का म्हणते. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते वाचून आलं, आणि फोन आला तो भाभीकडून. आवाज कसा पाठवायचा, फोटो कसा बघायचा, सगळं तिनं शिकवलं, मशीन चालवता चालवता. दर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी मी दिवे लावते, आणि त्याच्याही आधी माझा फोन नेऊन भाभीच्या हातात देते. दिवा लागला की शाब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, सुरू. मग शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत मी फोनला हात लावत नाही. जवळ ठेवला तर मोह होतो, कशाला खोटं बोलू?

भाभी म्हणते, "आक्का, तुमचा फोन म्हंजे दर जुम्म्याला माझ्याकडं मुक्कामाला येनारा पावना हाय. फकस्त जेवत न्हाय तेवढं बरं."

आता खरी गोष्ट. माझ्या बहिणीची मुलगी मुंबईकडं आमच्या लोकांच्या एका लहान शाळेत शिकवते. रविवारी सकाळी तिथं तिचा वेगळा वर्ग असतो. हिब्रू अक्षरं, प्रार्थना, आणि आपली जुनी मराठी कीर्तनंसुद्धा. एक दिवस तिचा फोन आला. आवाज पडलेला.

"मावशी, वर्ग बंद होतोय गं. चारच मुलं येतात. शाळेची समिती म्हणते, सुट्टीच्या आत दहा झाली नाहीत तर खोली दुसऱ्या कामाला देणार."

"मग आई-बापांना सांग की."

"सांगते ना! व्हॉट्सॲपवर पालकांचा गट आहे. सत्तर माणसं आहेत त्यात. कुणी तोंड उघडत नाही."

"तू काय लिहितेस त्यात?"

तिनं वाचून दाखवलं. वर्ग दहा वाजता. वही आणणे. उशीर करू नये. मी म्हटलं, "बाई गं, ह्याला काय उत्तर देणार माणूस? ही तर दवंडी झाली. दवंडी ऐकून कुणी गप्पा मारायला येतं का?"

ती हसली आणि म्हणाली, "तुला बोलायची एवढी हौस आहे तर तूच बोल." आणि मला त्या गटात घालून मोकळी झाली.

मी काय, बोललेच. पहिल्याच दिवशी आवाजात विचारलं, "शुक्रवारच्या शरबताला तुमच्याकडं काळे मनुके भिजवतात का पिवळे? आणि रात्रभर का दुपारपासून?" द्राक्षाची वाइन आमच्या जुन्या लोकांना कुठली मिळायला, भिजवलेल्या मनुकांचं शरबत करूनच आम्ही शाब्बाथचा आशीर्वाद म्हणत आलो. तासाभरात आज्या जाग्या झाल्या. एक म्हणे पिवळे मनुके म्हणजे फॅशन. दुसरी म्हणे, तुमच्या काळ्यांनी टेबलक्लॉथ बघा कसे झालेत. सुना आपापल्या सासूच्या बाजूनं, कधी नव्हे ते! भाचीनं मला वेगळा निरोप टाकला: "मावशी, दोन वर्षांत पहिल्यांदा ह्या गटात कुणीतरी कुणाला तरी उलट बोललंय!" पुढच्या रविवारी सहा मुलं आली.

मग माझी हिंमत वाढली. यश डोक्यात गेलं म्हणा. पुढच्या गुरुवारी मी जाहीर केलं: मुलांनो, ह्या शुक्रवारी तुमच्या घरच्या दिव्याचा फोटो काढून गटावर पाठवा, चांगल्यात चांगला मी निवडीन. सत्तर माणसांनी ऐकलं. अंगठे आले, फुलं आली. शुक्रवारी मी मजेत डोकं धुतलं, स्वयंपाक आवरला, फोन भाभीच्या हातात दिला आणि सांगितलं, "आज लई फोटो येणार बघ."

भाभीनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "कशाचं?"

"दिव्याचे. लावलेल्या दिव्यांचे."

तिचा हात थांबला. "आक्का, दिवा लागल्यावर तुमच्यात फोन धरत न्हाय म्हंता ना तुमी? मंग ती लेकरं फोटो काडनार कशी?"

इतकी वर्षं ज्या कारणासाठी मी हिच्याकडं फोन आणून देते, ते कारण मला गुरुवारी आठवलं नाही, आणि हिला आठवलं! बाहेर ऊन भिंतीवरून उतरलेलं. निरोप मागं घ्यायलाही वेळ उरला नव्हता. मी घरी जाऊन दिवे लावले, डोळ्यांवर हात धरले आणि आशीर्वाद म्हणायच्या ऐवजी मनात आलं, देवा, मी सत्तर माणसांना पापाला लावलं की रे!

शनिवारी चांदण्या दिसायला आणि भाभी दारात यायला एकच गाठ.

"घ्या तुमचा पावना. अंगात आल्यावानी करतोय कालपासून. मी ऐकलं न्हाय, पर थरथरून थरथरून शिलाईच्या कपड्यात जाऊन बसला."

गटात जे झालं होतं ते असं. कुणी दिवा लावून लगेच फोटो टाकलेला. एकीनं भर दुपारी चार वाजता दिवा लावून, फोटो काढून, फुंकर मारून विझवला आणि संध्याकाळी परत लावला. तिला दुसरी म्हणाली, "देवाला चहाची वेळ दिलीस काय?" तिसऱ्यानं लिहिलं की आमच्याकडं फोटोची बंदी नाही, तुम्ही कोण सांगणारे? आणि ह्या सगळ्यात चिटणीस. समितीचे चिटणीस म्हणजे जुन्या वळणाचे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी रागाचे चार निरोप टाकले होते. आमच्यापेक्षा मुंबईकडं सूर्य जरा उशिरा मावळतो, त्या उशिरात बसतील तेवढे. चौथा तर अर्ध्यातच तुटलेला: "ज्या बाईंना शाब्बाथचा अर्थ कळत नाही त्यांनी मुलांना". पुढं काही नाही. बहुतेक बायकोनं दिवा लावला असणार.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी वाक्य पुरं केलं. गट बंद करावा आणि वर्गाचं काय ते उद्याचा सोडून पुढच्या रविवारच्या बैठकीत ठरवावं. सुट्टीपर्यंतही थांबायची गरज नाही म्हणे.

भाचीचा फोन आला तर ती रडतच होती. "मावशी, सहा झाली होती गं."

मला माझी इतकी लाज वाटली, की जेवण गेलं नाही. पण बसून काय होणार? मी फोन तोंडाजवळ धरला आणि गटावर बोलले. "चिटणीससाहेब बरोबर बोलले. चूक माझी. ज्यांनी फोटो काढला त्यांची नाही, ज्यांनी नाही काढला त्यांचीही नाही. आता मुलांनो, ऐका. ह्या शुक्रवारी फोन ठेवून द्या आणि डोळ्यांनी फोटो काढा. दिव्यात पाणी किती, तेल किती, टेबलाशी कोण कुठं बसलंय, कोण काय करतंय, नीट बघून ठेवा. रविवारी सकाळी ते कागदावर काढा. आणि मला पाठवू नका. वर्गात घेऊन या, तिथं भिंतीवर लावायचंय."

शुक्रवारी फोन देताना भाभी म्हणाली, "आता हो काय मागवलंय?"

"काहीच नाही."

"ब्येस केलं."

रविवारी सकाळी भाचीनं वर्गातून व्हिडिओ लावला. भाभीही माझ्या खांद्याशी येऊन बसली, मापाची टेप गळ्यातच. फोनमध्ये नुसता गोंधळ. खुर्च्यांचे पाय, मुलांची डोकी, मग भिंत. अकरा मुलं! आणि कागदही अकरा. एका कागदावर काचेच्या पेल्यातला दिवा, खाली पाणी वर तेल, अगदी माझ्या आईकडं असायचा तसा. एकात दिवा कोपऱ्यात एवढुसा आणि मांजर टेबलभर. एकात टेबलाखाली बाप बसलेला, हातात चौकोनी काहीतरी, तोंडावर उजेड. ते कशाचं, म्हणून भाचीनं विचारलं, तर मुलगी मोठ्यानं म्हणाली, "पप्पा फोन बघतायत. त्यांना वाटतं, देवाला टेबलाखालचं दिसत नाही." तो बाप तिथंच मागं उभा होता! अशी हसाहस झाली, की भाभीला ठसका लागला.

तेवढ्यात दारात चिटणीस. शेजारच्या खोलीत बैठक, हातात वही. हसणं बंद. त्यांनी भिंतीवरून नजर फिरवली आणि एका कागदापुढं थांबले. त्यात एक टकले गृहस्थ, विहिरीएवढं तोंड उघडून गात होते.

"हे कोण?"

"तुम्ही, आजोबा," त्यांची नात म्हणाली. "तुम्ही गाता तेव्हा ज्योत हलते. मी बघितलं."

चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ज्योत हलते?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "हा कागद मी घरी नेतो."

माझी भाची तशी भित्री. पण त्या दिवशी म्हणाली, "नाही काका, कागद भिंतीवरच राहणार. बघायचा असेल तर दर रविवारी या."

बैठक फार चालली नाही. वर्ग राहिला. चिटणिसांची अट एकच: मुरुमच्या बाईंनी गटावर जे काही सांगायचं ते गुरुवारी आधी त्यांना ऐकवायचं. मला मान्य होतं. माझ्यासारखीच्या डोक्यावर कुणीतरी पाहिजेच.

संध्याकाळी भाचीचा फोन. म्हणाली, "मावशी, आता आज्याही यायचं म्हणतायत वर्गाला. खुर्च्या कुठून आणू?"

म्हटलं, "सतरंजी घाल. आणि आज्यांना भिंतीच्या कडेनं बसव, पाठीला टेका लागतो."