रिकाम्या खडकावरच्या सदतीस बायका

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. टेबलामागे सर्वेक्षणाचा साहेब बसला होता. गॉडलिसन किमारो, डोंगराकडचा तरुण. सोमोएचा नंबर लागला तेव्हा त्यानं मान वर न करता विचारलं,

"होडी आहे?"

"नाही."

"जाळं?"

"नाही."

"मग मासेमारी कशानं करता, आई?"

"पायांनी."

मागे रांगेतले पुरुष हसले. "लिहा साहेब, बिनहोडीचा नाखवा," कुणीतरी म्हणालं.

किमारोनं काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"गृहिणी."

"दोन पावसाळे छप्पर गळतंय माझं. त्या घराची मी गृहिणी. बरं." ती उठली मात्र नाही.

मचोले गावाच्या समोर, खोल समुद्रात गॅस सापडला त्याला बरीच वर्षं झाली होती. आता किनाऱ्यावर टर्मिनल यायचं होतं. गॅस इतका थंड करायचा की त्याचं पाणी होतं. ते पाणी जहाजांत भरून दूरच्या देशांना पाठवायचं. जहाजांना धक्का हवा, धक्क्याला खोल पाणी हवं, आणि त्यासाठी खडक फोडायला हवा. ज्यांचं पोट त्या समुद्रावर, त्यांची यादी चालली होती. यादीत नाव असेल त्याला कंपनीनं दुसरी जागा द्यायची. नाव नसेल त्याच्याशी बोलायचंही कारण नाही.

सोमोएनं टेबलावरच्या नकाशावर बोट ठेवलं. "इथं काय लिहिलंय?"

"वापर नाही." त्यानं विमानातून काढलेला फोटो दाखवला. निळं पाणी. माणूस नाही.

"हा भरतीचा फोटो आहे. भरतीत खडकावर कोण असणार? मासे."

किमारोनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "परवा मी होडीनं शेवटची पाहणी करणार. त्यानंतर यादी बंद. तुमची जागा दाखवा. हातातल्या मशीनवर जागेची खूण करतो. एक जागा, एक नाव."

तो सरळ बोलत होता. आपण काय मागतोय हे त्याला ठाऊक नव्हतं.

मचोलेच्या बायका ओहोटीला खडकावर ऑक्टोपस धरतात. हातात लोखंडी सळई, कमरेला पिशवी. ऑक्टोपस बिळात राहतो. एक धरला की काही दिवसांत त्याच बिळात दुसरा येऊन राहतो. म्हणून बीळ हीच खरी मिळकत, आणि ते कुणी कुणाला दाखवत नाही. बाई वाकडीतिकडी चालते. दुसरी बघत असेल तर बिळावरून सरळ पुढे जाते, मग हात रिकामे राहिले तरी चालतील. आई मुलीला दाखवते, तेही एकेक करून.

सोमोएला पहिलं बीळ बाराव्या वर्षी मिळालं. आई मरेपर्यंत अकरा झाली. पुढची नऊ तिची तिनं शोधली. तिचं लग्न तीनदा झालं. पहिला नवरा ट्रक घेऊन म्त्वारा शहराला गेला तो गेलाच. दुसऱ्याला तिनं घालवलं. तिसरा वारला. "नवरे तीन झाले, खडक एकच," ती म्हणायची. पाच मुलं त्या खडकावर वाढली. थोरली शिक्षिका झाली. तिच्या पदवीच्या फोटोत सोमोए पायांत चपला घालून उभी आहे, आणि पाय दुसऱ्याचे असल्यासारखी दिसते.

संध्याकाळी तिनं विहिरीवर बायकांना सांगितलं. परवा प्रत्येकीनं साहेबाला आपापलं बीळ दाखवायचं. मग असुमिनी बोलली. असुमिनी तिच्याच वयाची. दोघींचं लहानपणापासून जमत नसे.

"तुझी बिळं रिकामी झाली असतील. आता आमची बघायचीत होय?"

"तुझी बघून काय करू? तू धरतेस ती पिल्लं."

"पिल्लं असोत. माझी आहेत. आईनं मरताना सांगितलंय, सुनेलासुद्धा दाखवू नकोस."

"नको दाखवूस. धक्का झाला की त्यात काँक्रीट भरतील. मग काँक्रीट लपवून ठेव."

असुमिनीनं बादली उचलली. "माझं काय ते मी बघीन," म्हणाली आणि निघून गेली. दुसरं कुणी हो म्हणालं नाही. नाहीही म्हणालं नाही.

पाहणीच्या दिवशी उधाणाची ओहोटी होती. सकाळी दहाला पाणी इतकं मागे गेलं की खडक टोकापर्यंत उघडा पडला. किमारो होडीतून उतरला. बूट घालून शेवाळावर दोनदा घसरला. किनाऱ्यावर सदतीस बायका उभ्या होत्या. असुमिनीही होती, सगळ्यांच्या मागे.

कुणी पुढे होईना.

सोमोए चालू लागली. वाकडीतिकडी नाही, सरळ. सगळ्यांच्या देखत ती आईच्या पहिल्या बिळापाशी गेली आणि थांबली. चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं. तिनं सळई बिळाच्या तोंडाशी टेकवली आणि मान वर ठेवली.

मग एकेक बाई निघाली. कुणी टोकाला गेली, कुणी मधल्या डबक्यापाशी. आपापल्या बिळावर थांबली. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. खडक भरत गेला.

असुमिनी सगळ्यांत शेवटी निघाली. ती सोमोएच्या दिशेनंच येत होती. दोन हातांवर येऊन थांबली.

"बाजूला हो."

"का?"

"हे माझं बीळ आहे."

"हे माझ्या आईचं आहे."

"माझ्याही आईचं. मी अमावास्येला येते."

सोमोएनं बिळाच्या तोंडाकडे पाहिलं. ती स्वतः पौर्णिमेला यायची. चाळीस वर्षं. "म्हणून कधीकधी ताजे ओरखडे दिसायचे," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, वाम मासा ऑक्टोपस खायला येत असेल."

"मलाही तू वामच वाटलीस," असुमिनी म्हणाली. "अजून वाटतेस."

किमारो मशीन घेऊन सगळीकडे फिरला. दोन तास गेले. पाणी परतू लागलं होतं. शेवटी तो या दोघींपाशी आला.

"एका जागेवर एकच नाव बसतं. तुमच्यात कोण?"

असुमिनीनं सोमोएकडे पाहिलं. गेल्या दोन तासांत तिनं आपलं दुसरं कुठलं बीळ दाखवलं नव्हतं, आणि आता दाखवायला वेळ उरला नव्हता. सोमोएकडे आणखी एकोणीस होती.

"दोघी," सोमोए म्हणाली.

"मशीन घेत नाही, आई. मी काय करू?"

"मशीन बंद कर. कागद काढ."

"तुम्ही दुसरी जागा दाखवा ना. तुमच्याकडे असेल."

"आहे. ती नाही दाखवणार. आज हिला खोडलंस तर उद्या वरचा साहेब म्हणेल, दोघी-दोघींमध्ये एक लिहा. परवा म्हणेल, गावाला मिळून एक लिहा."

पाणी घोट्यावर आलं. होडीवाल्यानं हाक मारली. किमारोनं बूट काढून हातात घेतले.

"भरती चढतेय. बाहेर चला. किनाऱ्यावर बसून लिहू."

"किनाऱ्यावर आम्ही गृहिणी असतो," सोमोए म्हणाली. "इथं लिही."

तिनं हे मोठ्यानं म्हटलं नव्हतं. पण जवळच्या बाईनं पुढच्या बाईला सांगितलं, तिनं तिच्या पुढच्या. निघालेल्या बायका परत आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. पाणी पिंढऱ्यांवर आलं, मग गुडघ्यांवर. कमरेला गुंडाळलेले कांगा फुगून पाण्यावर तरंगू लागले. असुमिनीला पोहता येत नव्हतं. तिनं सोमोएचा दंड धरला. घट्ट धरला, नखं लागली.

"कागद ओला होईल," किमारो म्हणाला.

"होडीत बस आणि लिही. आम्ही सांगतो."

तो होडीत चढला आणि लिहू लागला. सोमोए हमिसी, मच्छीमार. असुमिनी बकारी, मच्छीमार. जागा एक, माणसं दोन. मग त्यानं होडी बाईबाईपाशी नेली आणि पस्तीस नावांपुढचा 'गृहिणी' शब्द खोडून 'मच्छीमार' लिहिलं. शेवटच्या बाईपाशी पोचला तेव्हा पाणी तिच्या छातीला लागलं होतं.

त्यानं सगळ्यांना होडीत आणि होडीच्या कडेला धरून किनाऱ्यावर आणलं. कागद वहीत ठेवताना म्हणाला, "खोटं सांगत नाही, आई. वरच्या ऑफिसात हे कापूही शकतात."

"कापू देत. पुढची मोठी ओहोटी कधी आहे माहीत आहे?"

"नाही."

"चौदा दिवसांनी. सकाळी दहाला. आम्ही इथंच उभ्या असू. लिही."

किमारोनं तिच्याकडे पाहिलं. मग वही पुन्हा उघडली आणि नावांच्या खाली ती तारीख लिहिली.