ढवळ्याचे पाय

जगात गाडीवर जीव टाकणारी माणसं पुष्कळ असतील, पण गाडीच्या ब्रेकवर जीव टाकणारा माणूस एकच, आणि तो माझा मामा. बाकीचे लोक गाडी घेतली की ती किती पळते ते सांगतात. मामा ती कशी थांबते ते सांगतो. "पळायला काय, मोकाट जनावरबी पळतंय. मालकानं म्हटल्यावर हुबं राहील ते खरं जनावर," हे त्याचं वाक्य शेळगावात पोस्टमनपासून पाव्हण्यारावळ्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. माणसाची पारखही तो ब्रेकवरूनच करतो. मला बघायला आलेलं पहिलं स्थळ घरात सगळ्यांना पसंत होतं. पोहे झाले, चहा झाला आणि मामा मुलाच्या गाडीत बसून चौकापर्यंत एक चक्कर मारून आला. आल्या आल्या त्यानं माझ्या आईला बाजूला घेतलं. "अक्का, न्हाय जमायचं. पोरगं गतिरोधक नाकासमोर आल्यावर ब्रेक दाबतंय. संसारातबी तसंच करंल." स्थळ तिथंच मोडलं. पुढं ज्याच्याशी माझं लग्न झालं तो लांबूनच ब्रेकवर पाय ठेवतो. त्याच्या बाकीच्या गुणांची मामानं चौकशीसुद्धा केली नाही. माझी तक्रार नाही. माणूस चांगला निघाला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी अभिमानानं सांगते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी. झाले, आता बारामती एमआयडीसीत एका दूध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. पण प्रवेशाच्या दिवशी त्या पायरीपर्यंत मला नेलं ते मामाच्या गाडीनं. ही गाडीसुद्धा साधी नव्हे. मामाची शेवटची बैलजोडी गेली त्या वर्षी त्यानं ही जुनी पांढरी गाडी घेतली आणि थोरल्या बैलाचं नाव तिला दिलं, ढवळ्या. 'ती गाडी' म्हटलेलं त्याला चालत नाही. 'तो ढवळ्या' म्हणायचं. ढवळ्या गोठ्यातच उभा राहतो, गव्हाणीकडं तोंड करून. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, त्याच्या आरशांना गोंडे बांधतात, कपाळावर गुलाल लावतात आणि बोनेटवर पुरणपोळी ठेवतात. ढवळ्या खात नाही म्हणून ती मामा खातो, आणि "आज भूक न्हाय वाटतं त्याला" असं दर वर्षी न चुकता म्हणतो.

मामीही या बाबतीत त्याला साजेशीच. औताचे बैल घरी आले की त्यांचे पाय धुवायचे, ही या घराची जुनी रीत, आणि ते काम पहिल्यापासून मामीचं. बैल गेले तरी रीत गेली नाही. ढवळ्या दारात आला की मामी बादली घेऊन हजर, आणि चारी चाकांवर पाणी. "दमून आलंय लेकरू," म्हणायचं आणि मग पदराला हात पुसत आत जायचं. त्याच्याआधी मामाची स्वतःची एक रीत. गावात शिरण्याआधी सरळ रस्त्याचा एक तुकडा आहे, तिथं तो ब्रेकची हजेरी घेतो. मागं-पुढं कुणी नाही बघून गाडी पळवायची, करकचून थांबवायची, परत पळवायची, परत थांबवायची. त्याचं समाधान होईपर्यंत शेजारी बसलेल्यानं जेवलेलं पोटात धरून ठेवायचं.

तर अशा माणसाच्या गाडीचा ब्रेक थरथरायला लागला. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात असं हलायचं, जणू थंडी वाजून आलीय. मामाचं जेवण तुटलं. त्यानं स्वतःच निदान करायचं ठरवलं आणि त्यासाठी घरातली माणसं यंत्रासारखी वापरली. मला पुढं बसवलं, मामीला मागं, आणि सरळ रस्त्यावर गाडी काढली.

"तायडे, हातात हालतंय का बुडाखाली?" त्यानं विचारलं.

"तुझ्या हातात हलतंय, मला दिसतंय."

"आन् तुज्या बुडाखाली गं?" हे मागं वळून मामीला.

"म्होरं बघा आधी! माजं तर सगळंच हालतंय. तुमच्याबरं बसल्यावर काय थांबतंय?"

"चेष्टा न्हाय. स्टिअरिंगात हाललं तर फुडची चाकं, बुडाखाली हाललं तर मागची. आन् ब्रेक न दाबता हाललं तर दुसरंच दुखणं."

ब्रेक न दाबता काही हलत नव्हतं. म्हणजे दोष पुढच्या ब्रेकचा, हे मामाचं निदान, आणि बारामतीच्या मिस्त्रीनं चाकं उतरवून तेच सांगितलं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, किंचित वाकली होती. ब्रेकचे पॅड तिला धरायला गेले की ती त्यांना ढकलत होती. त्यानं डिस्क लेथवर घासून सपाट करून घेतली आणि परत बसवली. ढवळ्या पाण्यावर होडी थांबावी तसा थांबायला लागला. मामानं मिस्त्रीला घरच्या गुळाची ढेप नेऊन दिली.

महिना गेला नाही तोच थरथर परत आली. पुन्हा लेथ, पुन्हा समाधान, पुन्हा थरथर. मिस्त्री चक्रावला. "आप्पा, खरं सांगा, गाडी पाण्यात घालता का?"

मामा भडकला. "माजा ढवळ्या वढ्यातबी उतरत न्हाय कधी!"

आता डिस्क आणखी घासण्याइतकी जाड राहिली नव्हती. नवी टाकायची, पण तीही वाकली तर? तेवढ्यात मामेभावाचा पुण्याहून फोन आला. "आप्पा, ह्या वयात थरथरती गाडी चालवायची न्हाय. दिवाळीला येतो, मी स्वतः चालवून बघतो. हालली तर विकायची. विषय संपला."

"माजे पायबी थरथरत्यात. मलाबी विकतो का?" मामानं विचारलं. पण फोन ठेवल्यावर तो गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला. कारण गाडी गेली की त्याचे गुरुवार जाणार होते. माझी आई लोणी भापकरला असते. गुडघ्यांमुळं तिला घराबाहेर पडता येत नाही. दर गुरुवारी मामा तिच्याकडं जातो, दोघं शेंगा फोडत बसतात, एकमेकांच्या औषधांना नावं ठेवतात आणि संध्याकाळी मामा परततो. एस.टी. बदलत बदलत तिथवर जाणं आता त्याला झेपणारं नव्हतं. आईनंही मला विचारलं होतं, "ढवळ्याचं काय झालं गं?" म्हणजे भावाचंच विचारलं होतं.

पुढच्या गुरुवारी मी मामाबरोबर लोणी भापकरहून शेळगावला आले. सरळ रस्ता आला. हजेरी झाली, नेहमीपेक्षा जरा कडकच. दारात गाडी थांबली, मामी बादली घेऊन आली आणि तिनं पुढच्या चाकावर पाणी मारलं.

छस्स झालं. चाकातून वाफ निघाली.

मी जागच्या जागी थांबले. तापलेलं काचेचं भांडं नळाखाली धरू नये, हा आमच्या प्रयोगशाळेतला पहिल्या दिवसाचा धडा. काच तडकते, लोखंड तडकत नाही, पण वाकत असणारच. मामा हजेरी घेऊन डिस्क लालबुंद व्हायच्या बेताला आणत होता आणि मामी तिच्यावर विहिरीचं गार पाणी ओतत होती. दोघांच्या मायेत ढवळ्याचे पाय वाकडे झाले होते. गोठ्यामागं जाऊन मी मिस्त्रीला फोन लावला.

"अवो ताई, मी विचारलं होतं की, पाण्यात घालता का म्हणून!" तो ओरडलाच.

मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "पाय धुनं म्हंजे पाण्यात घालनं व्हय?" मग त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, सोपं आहे, मामीला सांगू या. त्यानं माझा हात धरला.

"तिला न्हाय सांगायचं, तायडे. बैलं गेली, म्हस गेली, पोरगं पुन्याला गेलं. येनाऱ्याचं पाय धुवायचं येवढं एकच ऱ्हायलंय तिला. मी बघतो काय करायचं ते."

नवी डिस्क बसली. मिस्त्रीनं चाकाचे नट समोरासमोरचे, सारख्या जोरानं आवळले. आणि मामानं स्वतःच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट सोडली, ती हजेरी. शिवाय दारात आल्यावर तो आता लगेच आत जात नाही. "दम लागलाय, बसू दे जरा," म्हणून ओट्यावर टेकतो. मग मामीही बादली खाली ठेवून शेजारी बसते. अक्का काय म्हणाली, शेंगा कशा निघाल्या, कुणाची पोर बाळंत झाली, असं चालतं. चाक निवलं की मामा म्हणतो, "हं, घाल आता पानी."

दिवाळीला मामेभाऊ आला, त्यानं गाडी चालवली, ब्रेक दाबला. काही हललं नाही. त्यानं पुन्हा दाबला. मग मुकाट्यानं किल्ली बापाच्या हातात दिली. गुरुवार शाबूत राहिले.

परवा मी शेळगावला होते. मामा आला, ओट्यावर बसला. चहाचे कप आत ठेवायला मी उठले तर मामी मागून आली आणि हळूच म्हणाली, "त्येंना वाटतंय मला कळत न्हाय. वाफ मलाबी दिसलीती की गं. पन लगीन झाल्यापासनं ह्यो मानूस माज्याजवळ असा बसला नव्हता. बसू दे."

बाहेर गेले तर दिवस कलला होता. मामी चाकाशी वाकली होती. आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा तिनं उलटा हात चाकाला लावला. "अजून गरम हाय. बसा जरा," ती मामाला म्हणाली, आणि बादली तशीच ठेवून त्याच्याशेजारी जाऊन बसली.

जाता जाता मीही चाकाला हात लावून बघितला. ते केव्हाच गार झालं होतं.