मनोरमावहिनींची छापील बोलावणी

मोरव्याच्या मनोरमावहिनी बोलून जायच्या आधी आणि विचार करायच्या मागाहून. पण दिलेला शब्द मोडायच्या नाहीत. पंच्याण्णव साली थोरल्या मुलाचं, भूपेशचं लग्न ठरलं आणि सगळी भावकी ओटीवर चहा पीत बसलेली असताना त्यांनी जाहीर केलं, "हळदीची बोलावणी मी काँप्युटरवर छापणार. घरागणिक वेगळं, ज्याच्या त्याच्या नावानं."

त्यांचे यजमान बाबुराव यांचा कप ओठाशीच थांबला. लग्नाची पत्रिका एक वेळ मोघम चालते, पण त्यांच्या भावकीत हळदीला घराचं नाव घेऊन बोलवावं लागतं. नाव चुकलं तर माणसं येतात, मांडवात बसतात आणि पान वाढलं की "आमचा उपास हाय" म्हणतात.

"सांभाळून बोल गो," बाबुराव म्हणाले. "इथे अर्ध्या घरांना उपास घडवशील."

वहिनींना घोर नव्हता. स्टेशनजवळच्या एका गाळ्यात बायकांसाठी दुपारची बॅच निघाली होती. पूजा, पोथी, स्वयंपाक उरकून त्या तिथे जायच्या आणि कीबोर्डला हात लावण्याआधी नमस्कार करायच्या. शिकवणारी संघप्रिया अवघी विशीतली, मराठवाड्यातून इकडे आलेल्या कुटुंबातली. ती ह्यांना काकू म्हणे, ह्या तिला मॅडम.

मॅडमनी नेमकं तेच शिकवायला घेतलं होतं. मजकुरातला एक तुकडा काढून त्या जागी दुसरा कसा बसवायचा.

"काकू, हार समजा. नको असलेलं फूल कुठे आहे ते आधी शोधायचं. त्याच्या डावीकडचा भाग धरायचा, उजवीकडचा धरायचा, आणि मधे नवं फूल घालून पुन्हा ओवायचं."

"एवढंच? हे तर मी रोज करते," वहिनी म्हणाल्या.

पहिलं बोलावणं गावदेवीला, ही रीत. म्हणून वहिनींनी मूळ मजकूर देवीच्याच नावानं टाइप केला. इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला मराठी येत नव्हतं. बेत सोपा होता. देवीचं नाव शोधायचं, त्या जागी एकेका घराचं नाव घालायचं, छापायचं, पुढचं घर. नाव सापडलंच नाही, तर मजकूर असेल तसा छापायचा.

"आता मूळ मजकूर दुसऱ्या डब्यात उतरवून घ्या," मॅडम म्हणाल्या. संगणकात मजकूर ठेवायच्या जागेला त्या डबा म्हणत. "बदल त्या दुसऱ्या डब्यात करायचा."

इथे वहिनी अडखळल्या. देवीचं बोलावणं एकच असतं. त्याची नक्कल करून दुसऱ्या डब्यात भरायची हे काही त्यांच्या मनाला पटेना. मॅडम पलीकडच्या बाईकडे वळल्या तशी वहिनींनी ती पायरी हळूच गाळली. एकच डबा ठेवला.

क्लास बंद व्हायच्या वेळी प्रिंटर करकरत सुरू झाला. कागदाची लांबलचक पट्टी वहिनींनी न बघताच घडी करून पिशवीत घातली.

घरी भूपेश एकेक कागद फाडून वाचायला लागला. "नाथाकाका यांना सहकुटुंब." दुसरा फाडला. "नाथाकाका यांना." तिसरा फाडला. मग तो हसतच सुटला. "आई, सगळी नाथाकाकांनाच. हळद त्यांच्याच अंगणात घालूया का?"

बाबुराव म्हणाले, "नाथाचं पोट भरेल. बाकीच्यांचा उपास."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. हळद तीन दिवसांवर आली होती. यादीत नाथाकाका पहिले होते, पण हा माणूस सगळ्यांच्या घरात शिरला कसा, ते काही उमगेना.

बाबुरावांच्या आत्या, शांतीआत्या, कोपऱ्यात सुपारी कातरत होत्या. "देवीचं कुठं हाय त्यात?"

भूपेशनं चळत चाळली. देवीचं एकही नव्हतं.

"देवीचंच खोडलंस नि नाथाला दिलंस," आत्या म्हणाल्या. "देवीचं हाय तिथंच ऱ्हाऊ द्यावं. लोकांना त्यांचं वेगळं करावं. एवढी शिकायला जातेस, नि हे न्हाय कळत?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मग सगळा उलगडा झाला. पहिल्याच फेरीत देवीचं नाव जाऊन तिथे नाथाकाका बसले. पुढच्या फेरीला मशीन देवीचं नाव शोधतंय, तर ते आहेच कुठे? सापडलं नाही, म्हणून असेल तसं छापलं. दर वेळी नाथाकाका.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. पायरी गाळल्याचंही, आणि का गाळली तेही. संघप्रिया हसली नाही.

"काकू, दुसऱ्या डब्यात देवीचं नाव क्षणभरच असतं. लगेच तिथे त्या घराचं नाव येतं. देवीचा डबा तर आपण उघडून फक्त बघतो, हात लावतच नाही."

"मग ठीक. तेवढं चालतं," वहिनी म्हणाल्या.

या वेळी त्या प्रिंटरजवळ उभ्या राहून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होत्या. देवी. नाथाकाका. शिवाभाऊ. डोंगरीचे रामूमामा. बॅचमधल्या बायका खुर्च्या सोडून भोवती जमल्या. एक गुजराती शेजारीण म्हणाली, "भाभी, मेरे नाम का भी निकालो ना." तिचंही निघालं.

संध्याकाळी बाबुराव स्कूटरवरून वाटायला गेले ते रात्री जेवायलाच परतले. रामूमामांनी कागद देव्हाऱ्यात ठेवला म्हणे. शिवाभाऊंनी विचारलं, हे नाव आत शिरतं कुठून?

सगळे खूश. एकट्या शांतीआत्या गप्प.

"आत्या, काय झालं?" बाबुरावांनी विचारलं.

"मला न्हाय आलं."

"तू घरातली. घरातल्याला कोण बोलावतं?"

"तेच तर. एवढी लग्नं झाली, कुणी बोलावलं न्हाय कधी."

वहिनी सकाळी मुद्दाम क्लासला जाऊन आत्यांच्या नावाचं बोलावणं छापून घेऊन आल्या. आत्यांना इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं. त्यांनी भूपेशकडून आपलं नाव कुठे आहे ते दाखवून घेतलं, त्यावर बोट फिरवलं आणि कागद कमरेला खोचला.

हळदीच्या दिवशी चुली पेटल्या, पीठ मळून तयार झालं, आणि भाकऱ्या थापायला आत्या जागेवर नाहीत. शोधाशोध झाली. आत्या मांडवात, पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून बसलेल्या.

"आत्या, भाकऱ्या," वहिनी म्हणाल्या.

आत्यांनी कमरेचा कागद काढून पुढे धरला. "मी आज पाहुणी हाय. सरबत पाठव."